अख्खं कलिंगड

अनूने सकाळपासून शू केली नव्हती.

दिवसाचे डायपर तिने हिवाळ्यातच सोडले होते. ताप आल्यावर मी ते पुन्हा बांधायला लागले, आणि अडीच वर्षांच्या मुलीला वाटू शकतो तेवढा अपमान तिला वाटत होता. कडेवर घ्यायच्या निमित्ताने मी हळूच डायपर दाबून बघायचे. कोरडा. ओठांवरून बोट फिरवायचे. तेही कोरडे. ती रडायला लागली की आधी डोळ्यांत पाणी येतंय का ते बघायचे, आणि पाणी दिसलं की मला हायसं वाटायचं. पोरगी रडतेय याचं हायसं वाटावं, इथवर मी आले होते.

आजार नर्सरीतून आला होता. तळहातांवर, तळपायांवर पुरळ आणि तोंडात बारीक बारीक फोड. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की याला औषध असं फारसं नाही, आपोआप जातं, फक्त पोटात पाणी जात राहायला हवं. तोंड झोंबतं म्हणून मुलं पीत नाहीत, आणि प्यायली नाहीत की सुकतात. दुपारी मी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, की संध्याकाळपर्यंत शू झाली नाही तर घेऊन या, ॲडमिट करून सलाईन लावू. त्यांच्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली.

सलाईन अनूला तान्ही असताना एकदा लागलं होतं. नस सापडत नव्हती. नर्सने मला बाहेर उभं केलं होतं, आणि दाराआडून ते रडणं ऐकत मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता पाठ केला होता. तो अजून पाठ आहे.

घरात होतं नव्हतं ते सगळं देऊन झालं होतं. ओआरएस तिने थुंकलं. नारळपाणी थुंकलं. पेजेची वाटी माझ्या हातातून उडवली. आईस्क्रीम जिभेला लावलं आणि असं तोंड केलं की मलाच रडू आलं. मग सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून, छताकडे बघत, ती एकच म्हणाली.

"लाल कलिंगड. पांढलं नको."

हे पांढरं आमच्याच अंगाशी आलेलं होतं. आठवड्याच्या सुरुवातीला कैलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कंपनीतून येताना एक कलिंगड आणलं होतं. ते आतून फिकट गुलाबी निघालं, चव आंबूस, आणि अनूच्या फोडांना ते झोंबलं. तेव्हापासून तिचा आमच्यावरचा विश्वासच उडाला होता. आता तिला लाल पाहिजे होतं, आणि ते गोड निघालं नाही तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी डॉक्टरबाईंना परत फोन केला. चालेल म्हणाल्या, गार करून, बारीक तुकडे. बाहेर कापून ठेवलेलं मात्र नको. हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. मी बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी घेतलेली मुलगी. दुकानातल्या सुरीच्या पात्यावर काय काय नांदत असतं, ते मी काचपट्टीवर बघितलेलं आहे. तोंडात फोड असलेल्या पोरीला ते द्यायचं? घरात तर मी वाट्या-चमचेसुद्धा उकळत्या पाण्यातून काढत होते. आदल्या दिवशी सासूबाई फोनवर कैलासला सांगत होत्या, "तुझी बायकू वाट्यांला बी आंघुळ घालती," आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसल्या होत्या.

सासूबाईंचं नाव शालूबाई. अनूच्या तापाचं कळलं तशा त्या आंदर मावळातल्या गावाहून, गुरंढोरं मामंजींवर सोपवून, एका पिशवीनिशी आल्या होत्या. आल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं. स्वच्छ फडक्याचं टोक पाण्यात बुडवायचं आणि अनूच्या ओठांना लावायचं. बुडवायचं आणि लावायचं. त्याने काय होणार होतं? थेंबभर पाणी. मी ते फडकं सारखं उकळत होते, आणि त्या ते वाळायची वाट बघत बसत होत्या.

अनूला त्यांच्याजवळ ठेवून मी स्कूटी काढली.

उन्हाळ्यातला रविवार आणि लोणावळा. हमरस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग, जिथे होती तिथेच. मी मागच्या गल्ल्यांतून काढत काढत बाजारातल्या सुपरमार्केटपर्यंत पोचले, तर तिथे बाहेरगावच्या लोकांची झुंबड. कोळशाची पोती, बर्फाच्या पिशव्या, चिप्स, चड्ड्यांवर आलेले पुरुष. कलिंगडांचा ढीग दाराशीच होता, आणि ढिगाशेजारी अर्धी कापलेली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कलिंगडं ओळीने मांडलेली. लालभडक. काळ्या बिया अशा चमकत होत्या की एखादीचं मन डळमळावं. मला हवा होता तो रंग समोर उघडा पडला होता, आणि तोच मला घेता येत नव्हता.

वजनकाट्यावरच्या माणसाने माझी घालमेल ओळखली असावी. हवं तर अख्ख्यालाच त्रिकोणी काप देऊन आतला रंग दाखवतो म्हणाला, आणि सुरी ॲप्रनला पुसली. मी त्या ॲप्रनकडे बघितलं. नको म्हटलं.

मग मोबाईल काढला. कलिंगड कसं निवडावं यावर माणसांनी इतकं लिहून ठेवलंय, याची मला कल्पना नव्हती. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरा नको, पिवळा हवा. देठ हिरवा नको, वाळलेला हवा. आकाराच्या मानाने जड हवं. टिचकी मारली तर ठणठण नको, डबडब हवं. एक जण म्हणत होता गोल ते गोड, दुसरी म्हणत होती लांबट ते रसाळ, तिसऱ्याने दोघांनाही मूर्खात काढलं होतं. मी एकेक उचलत होते, उलटं करत होते, कानाशी धरून वाजवत होते. आजूबाजूच्या आवाजात ठणठण कुठलं आणि डबडब कुठलं ते कळेना. डोळे मिटून वाजवायला लागले. एवढ्यात बाजूची एक बाई, गॉगल केसांवर चढवलेला, आपलं कलिंगड माझ्यापुढे धरून म्हणाली की ताई, हे पण बघता का. मी वाजवलं. कच्चं वाटलं, तसं सांगितलं. तिने ते ठेवून दुसरं आणलं. तिच्यामागे अजून दोघं उभे राहिले. मला काही येत नाही, मी मोबाईलवर वाचून करतेय, असं म्हणायला हवं होतं. पण लोक हातात कलिंगड घेऊन इतक्या आशेने बघत होते की मी वाजवत राहिले. वेड्यासारखी.

त्यातच मला माझं सापडलं. बुडाचा डाग हळदीसारखा. देठ वाळून वाकडा झालेला. उचललं तर हात खाली गेला. टिचकी मारली आणि आवाज बोटातून मनगटात आला, भरल्या माठासारखा. मी ते ढिगापासून वेगळं, फळांच्या खोक्यांच्या कडेला ठेवलं, आणि पिशवी काढणार तोच फोन वाजला. घरून. मी ढिगाकडे पाठ करून एका कानावर हात ठेवला.

"समीक्षा, पोर लय गप पडलीया," सासूबाई म्हणाल्या. "रडंना बी. तू ये बिगीबिगी."

मी विचारलं की झोपलीये का, हाक मारली तर बघते का. बघती, म्हणाल्या, पर लगीच डोळं मिटती. ताप? तसाच. आले, म्हटलं, आणि वळले, तर खोक्यांच्या कडेला काही नव्हतं.

ते काउंटरवर होतं. एका दाढीवाल्या मुलाच्या ट्रॉलीत, बर्फाच्या पिशव्यांवर. मी जाऊन सांगितलं की हे मी वेगळं काढून ठेवलं होतं. तो वाईट नव्हता. नुसता घाईत होता. "भाभी, वहाँ इतने सारे पड़े हैं, सब सेम ही तो हैं," म्हणाला. माझी मुलगी आजारी आहे, असं मी म्हणू शकले असते. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ते म्हटलं की ती खरोखरच आजारी होईल, जास्त आजारी, असं काहीतरी मनात येऊन गेलं आणि मी गप्प बसले. मशीनने पीं केलं. कलिंगड गेलं.

परत ढिगाकडे आले आणि समोर होतं त्यातलं एक उचललं. डाग होता, पण साईसारखा फिकट. देठ अर्धा हिरवा. वाजवायला धीरच उरला नव्हता. घेतलं आणि निघाले.

स्कूटीवर ते पायांमध्ये ठेवलं, दोन्ही टाचांनी आवळून. रस्त्यावर वीतभर पुढे सरकायचं आणि थांबायचं. प्रत्येक गतिरोधकावर ते गडगडून पुढे यायचं आणि मी पाय आवळायचे. पुढच्या गाडीच्या काचेतून एक मुलगी मक्याचं कणीस खात माझ्याकडे बघत होती. किती आरामात खात होती. मी नजर वळवली. फिकट डाग. अर्धा हिरवा देठ. घरी जाऊन कापायचं, आतून पांढरं निघायचं, अनूने बघायचं आणि तोंड मिटायचं. हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मध्ये एकदा वळून परत दुकानात जावं असंही वाटलं. पण गप पडलीया हा शब्द मागून ढकलत होता.

आमच्या इमारतीत बहुतेक फ्लॅट मुंबईकरांचे. एरवी कुलपं असतात, शनिवार-रविवारी अनोळखी चपला. जिन्यात कुणाच्या तरी गाण्याचा दणदणाट चालू होता. मी कलिंगड पोटाशी धरून वर चढले.

अनू जागी होती. सासूबाईंच्या मांडीवर, डोळे अर्धे. तिने मला बघितलं, मग कलिंगडाला, आणि विचारलं, "लाल?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार.

कलिंगड साबणाने धुतलं, पुसलं. सुरी आणि कापायचा पाट उकळत्या पाण्याने धुतले. अनूची छोटी वाटी फ्रीजरमध्ये ठेवली. सुरी उचलून टोक सालीवर टेकवलं, तेवढ्यात मागून सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर आला. अनू त्यांच्या दुसऱ्या हातावर होती.

"थांब. कैलासला यिऊ दे."

मला वाटलं, लेकाशिवाय खायचं नाही अशी माया आहे. त्याला ठेवते म्हटलं.

"तसं न्हाई. पयला घरच्या बाप्याचा हात लागू दे. मग तू चीर."

मला कळायला क्षण लागला. कोहळ्याचं मला माहीत होतं. माहेरी तळेगावलाही कोहळा, लाल भोपळा बाईने आधी कापायचा नाही, घरातल्या मोठ्या मुलाला लागतं म्हणतात. आई वडिलांच्या हातून सुरी नुसती टेकवून घ्यायची आणि मग कापायची. पण कलिंगड? कलिंगडाचं कुणी काही म्हटल्याचं ऐकलं नव्हतं. सासूबाईंच्या घरी मात्र ते होतं. भोपळा, कोहळा, कलिंगड, जे जे अख्खं, गोल आणि मांडीत मावेल एवढं, ते सगळं.

आणि मग मला लग्नापासूनचे उन्हाळे आठवले. घरात काडी इकडची तिकडे न करणारा कैलास कलिंगड मात्र नेहमी स्वतः कापायचा. परात घ्यायचा, बाह्या सारायचा, चंद्रकोरी पाडायचा, मधला गाभा मला काढून द्यायचा. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं होतं. माझा नवरा मला मदत करतो असं वाटायचं मला, आणि तो आईचा नेम पाळत होता. इतक्या घाईतही ते मला लागलं.

मी म्हटलं, खालच्या वॉचमनला बोलावते. त्या नाही म्हणाल्या. दुकानात कुणी काप दिला असता तर गोष्ट वेगळी होती. उंबऱ्याच्या आत आलं की ते घरचं झालं, त्याला घरचाच बाप्या लागतो. मला त्या पुसलेल्या सुरीची आठवण झाली. मीच नको म्हटलं होतं. मीच अख्खं हट्टाने आणलं होतं.

कैलासला फोन लावला. तो तळेगावजवळ, नवलाख उंबरे गावाच्या बाजूला कंपनीत आहे. रविवारचा ओव्हरटाईम होता, पण माझ्या दुपारच्या फोननंतर तो लवकर निघाला होता. कंपनीची बस कार्ला फाट्याच्या अलीकडे अडकली होती. पुढे काही हलतच नाही म्हणाला. मी सांगितलं काय झालंय ते. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "तू काप गं. आईला दे फोन."

सासूबाईंनी फोन कानाला लावला, ऐकून घेतलं. "व्हय," म्हणाल्या. "व्हय, कळतंय मला. तू सावकाश ये. गाडीतनं उतरून पळत बिळत यिऊ नगंस." आणि फोन माझ्या हातात दिला. सुरीवरची नजर त्यांनी हलवली नव्हती.

तेव्हा मी बोलले. इतक्या दिवसांत त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो चढला. म्हटलं, आई, अनूपेक्षा तुमची सुरी मोठी आहे का?

त्या अनूला घेऊन तिथेच, ओट्याला टेकून, खाली बसल्या. फडक्याचं टोक परत तिच्या ओठांना लावलं. आणि खाली बघत सांगायला लागल्या, मला सांगतायत की फडक्याला ते कळू नये अशा आवाजात.

कैलासच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. निवृत्ती. मला एवढं माहीत होतं, की झाला होता आणि गेला. पुढचं कुणी कधी बोललं नव्हतं. तो दीड वर्षाचा असताना, असाच वैशाखातला उन्हाळा, घरात कोहळ्याचे सांडगे घालायचे ठरलं होतं. पुरुष माणसं सगळी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतावर गेलेली. वाट बघून बघून ऊन वर आलं. उन्हं वाया जायला नकोत म्हणून त्यांनीच कोहळ्याला विळी लावली. नव्या होत्या, अंगात हुशारी होती. पुढच्या अमावास्येच्या आत निवृत्ती तापला. जुलाब लागले. गावातून पायी टाकव्याच्या दवाखान्याकडे निघाले, कधी त्यांनी घेतला, कधी मामंजींनी. मधल्या ओढ्याला पाणी नव्हतं.

"व्हट असंच झालतं," त्या म्हणाल्या. "असंच. फडकं ओलं करायला बी काय नव्हतं. मी जिभंनं ओलं करत गेलते."

टाकवं दिसायला लागलं तेव्हा तो हातात जड झाला. घरी परत आल्यावर त्यांच्या सासूने सगळ्या बायकांदेखत एवढंच विचारलं, की कोहळा कुणी चिरला होता.

अनूने मान वळवली. सासूबाईंनी फडकं परत बुडवलं.

"कोहळ्यानं न्हाई गेला, ते मला बी कळतं," त्या म्हणाल्या. "पाण्यावाचून गेला. डाक्टर तवाच म्हनला. पर सुरी बघितली की माझं काळीज ऱ्हात न्हाई. आन् कैलास वाटंवर हाय."

माझ्याकडे उत्तर होतं. अगदी तयार. ते त्यांनीच देऊन टाकलं. मी सुरी हातात घेतली, टोक सालीवर टेकवलं. आता त्या अडवत नव्हत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या. दाबलं की झालं. आणि माझ्या डोळ्यांसमोर कार्ला फाटा आला, अडकलेल्या गाड्या, बसमधून उतरून डांबरावरून चालत येणारा कैलास, मागून कुणीतरी घाईत काढलेली गाडी. मी मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेतलेली बाई, एक कलिंगड पुढ्यात घेऊन उभी होते आणि माझा हात खाली जात नव्हता. दुकानात त्या मुलाला 'माझी मुलगी आजारी आहे' म्हणता आलं नव्हतं, तसंच. तेव्हा मी त्या भीतीला काही नाव दिलं नव्हतं.

बाहेर ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरायला लागलं होतं. वरच्या मजल्यावरचं गाणं बदललं. मी सुरी खाली ठेवली. परत उचलली.

"मम्मी, लाल," अनू म्हणाली. रडत नव्हती. नुसती आठवण करून देत होती.

सासूबाईंनी तिला माझ्या कडेवर दिलं आणि उठल्या. मला वाटलं बाहेर जातायत, म्हणजे मी कापावं आणि त्यांना दिसू नये. पण त्यांनी ओट्याखालून मोठी परात काढली. साबणाने घासली. मग गॅसवर माझं भांडं होतंच, त्यातलं उकळतं पाणी परातीत ओतलं, सगळीकडून फिरवलं, काठालासुद्धा, मी वाट्यांना करते तसं, आणि मोरीत ओतून दिलं. परात जमिनीवर ठेवली. हात धुतले, कोपरापर्यंत.

त्यांनी कलिंगड दोन्ही हातांनी उचललं. छातीपर्यंत नेलं. भात झोडताना पेंढी वर जावी तसं अजून थोडं वर. आणि सोडून दिलं.

केवढा आवाज झाला. परात उडाली, वरचं गाणं क्षणभर ऐकू येईनासं झालं, आणि अनू माझ्या कडेवर ताठ झाली. कलिंगड परातीत तीन ठिकाणी उललं होतं. रस माझ्या पायांवर, ओट्याच्या फरशीवर, सासूबाईंच्या लुगड्यावर उडालेला.

"कुनी कापलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "हातातनं पडलं."

अनूने परातीकडे बघितलं. मग आजीकडे. आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या तोंडाला काहीतरी झालं, दुखणं सोडून. "आजीनं पालडं," ती म्हणाली. "आजीनं फोडलं!"

"व्हय बाई, आजीनं फोडलं," सासूबाई म्हणाल्या. "आता आजीला मार. आधी खा आन् मग मार."

मी खाली वाकून बघितलं. लालभडक नव्हतं. कडेला गुलाबी, एका बाजूला पांढरट शिरा. पण अगदी मधला गाभा, जिथे फुटताना ओबडधोबड तुटला होता, तो लाल होता. सुरीने सरळ कापलं असतं तर गुलाबीच आधी दिसलं असतं. मी बोटांनी गाभ्याचा तुकडा तोडला, बी काढली, चाखला. गोड होता का? मला आजही सांगता येणार नाही. जीभ कोरडी पडली होती. सासूबाईंना दिला. त्यांनी तोंडात टाकला आणि नुसती मान हलवली.

गार केलेल्या वाटीत दोन-चार तुकडे घेतले. पहिला अनूने हातात घेऊन सगळीकडून तपासला. चोखला. डोळे घट्ट मिटले, खांदे वर गेले. झोंबलं. ती थांबली, गिळलं, आणि हात पुढे केला.

मी पुढचा दिला. तिसऱ्या वेळी तिने वाटीच ओढून घेतली. मधूनच परातीकडे बघून "पालडं" म्हणायची, हसायची, हसताना फोड दुखले की रडायची, आणि रडता रडता चोखायची. रस हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून फ्रॉकमध्ये. सासूबाई समोर बसून प्रत्येक घोटाला स्वतः घोट गिळत होत्या. मी किती पोटात गेलं याचा अंदाज बांधत होते. सांडलेलं वजा करत होते. एवढ्याने होईल का? किती वेळ लागतो? रडू येतंय म्हणजे पाणी आहे. पण रडू तर मघाशीही आलं होतं.

नंतरचा वेळ सगळ्यात वाईट गेला. खाऊन झाल्यावर ती सासूबाईंच्या मांडीवर पडली, आणि मी हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. फरशी पुसली. चिकट राहिली म्हणून परत पुसली. हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली, तिची फाईल, कपडे, चार्जर, मग ती पिशवी दाराशी ठेवली आणि तिच्याकडे बघवेना म्हणून परत आत नेली. डायपर दाबला. कोरडा. सासूबाई म्हणाल्या की सारखं चाचपू नगंस, पोर बुजंल. मी परत स्वयंपाकघरात गेले. परातीतला उरलेला गाभा काढून झाकून फ्रीजमध्ये ठेवला. गॅलरीत उन्हाची शेवटची पट्टी कठड्याच्या कडेला आली होती. डॉक्टरबाईंची संध्याकाळ म्हणजे नक्की कुठली, हे मी विचारायला हवं होतं.

कैलासचा फोन आला. बसमधून उतरला होता, एका दुचाकीवाल्याने आणून गावात सोडलं होतं, चालत येत होता. शू झाली का, त्याने विचारलं, मी नाही अजून म्हटलं. कापलंस का, असं त्याने विचारलं नाही. रिक्षा बघून ठेवू का, म्हणाला. मी म्हटलं बघ.

फोन ठेवला आणि हॉलमधून अनूचा आवाज आला. चिडलेला, खणखणीत.

"मम्मी. शू. हे काढ."

ती डायपर ओढत उभी होती. मी तिला उचलून पळालेच. बाथरूममध्ये तिच्या छोट्या भांड्यावर बसवलं, समोर उकिडवी बसले, आणि ती माझ्या खांद्याला धरून, भुवया जवळ आणून, कुठेतरी लांब बघत बसली. काही नाही. नळ थेंब थेंब गळत होता. मी तो आवळला. मला दुसरा आवाज ऐकायचा होता. दाराशी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

बाहेरची बेल वाजली. कैलास. परत वाजली.

आम्ही दोघीही हललो नाही. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून दाराच्या दिशेने गप्प बसायची खूण केली, जणू बेलला ते दिसणार होतं. आणि मग, आधी अगदी बारीक, मग नीट धार लागून, तो आवाज आला.

अनूने वाकून खाली बघितलं, मग आजीकडे बघून म्हणाली, "लाल नाही आली."

बेल वाजतच होती.